सरांवर गेलेली चिमी

चिमी गणित सोडवताना पेन्सिल हातात धरत नसे. जिभेचं टोक दातांत पकडून ती भिंतीकडे बघत बसायची आणि थोड्या वेळाने नुसतं उत्तर सांगायची. ते बरोबर असायचं. मी तिचा मोठा भाऊ, गणिताच्या सरांचा मुलगा, तोवर पानभर खाडाखोड करून भलत्याच उत्तरापाशी पोचलेला असायचो.

आई-बाबांनी तिला अनाथाश्रमातून घरी आणलं तेव्हा ती तीन वर्षांची होती, मी आठ. घरात ही गोष्ट कधी लपवली नाही. नागपूरचा उन्हाळा लागला की कूलरमध्ये पाणी भरायचं काम माझं. एवढीशी चिमी बादल्या मोजून सांगायची, "दादा, हे पाणी चारपर्यंतच पुरते." चारच्या सुमारास कूलर खरंच गरम हवा फेकू लागे आणि बाबा कौतुकाने हसत. ते हसू मला हवं होतं. बाबांचं नाक, कान, चालसुद्धा माझ्याकडे आली होती. डोकं वाटेत कुठे राहिलं, कोण जाणे.

मी दहावीत असताना बाबांचे एक जुने विद्यार्थी मौद्याहून भेटायला आले. चहा होईपर्यंत चिमीने माझ्या पुस्तकातलं गणित त्यांना तोंडी सोडवून दाखवलं.

"पोरगी तं डिट्टो सरावर गेली," ते म्हणाले.

"ती दत्तक आहे," मी म्हणालो. "सरांचा मुलगा मी आहे."

बाबांनी कप खाली ठेवला. चिमी ट्रे उचलून आत गेली. पाहुणे गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "खोटं नाही बोलला तू. पण तुले तिले दुखवायचं होतं." मी माफी मागितली नाही.

बाबा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी चिमीला बंगळुरूला संशोधनाची नोकरी लागली. मी तोवर नागपुरातच, विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका गोदामात सुपरवायझर झालो होतो. तिचे खोके बांधायला गेलो, तर एकात माझ्या नववीच्या बीजगणिताच्या वह्या. पानोपानी बाबांच्या लाल रेघा.

"ह्या काहून घेऊन चालली?"

"मी यातूनच शिकली, दादा. बाबा तुले एकच गणित तीन-तीनदा समजावत, अन् मी बाजूले बसून ऐकत राहायची. तुले पयल्यांदाच समजलं असतं, तं मले कोणी शिकवलं असतं?"

त्यात टोमणा नव्हता. मी म्हणालो, "त्या पाहुण्यासमोर मी बोललो, ते चुकलं माझं."

"हो, चुकलं," ती म्हणाली आणि मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं.

तिने काय जन्मतःच आणलं आणि काय आमच्या घरात मिळवलं, मला सांगता येणार नाही. अभ्यासाचं टेबल एकच होतं, बाबांचा आवाज एकच. मला त्यात फक्त रागावणं ऐकू यायचं, तिला गणित. तिच्या हुशारीचा हेवा हळूहळू विझला. बाबांच्या शेजारी ती न घाबरता बसायची, त्याचा हेवा अजून गेलेला नाही.