धुळ्याच्या गल्लीतल्या येरझारा

माझं जठर मंद आहे. खाल्लेलं तासन् तास तसंच पडून राहतं, मळमळतं. हे दुखणं कायमचं, असं जळगावच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. थंडीत त्रास वाढला तेव्हा त्यांनी नवी गोळी दिली. जेवणाआधी अर्धा तास, दिवसाला तीन. पोट खरंच हलकं झालं, पण त्याच आठवड्यात मला बसवेनासं झालं.

दुखत काही नव्हतं. खुर्चीत टेकलो की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायचं आणि उठून चालल्याशिवाय थांबायचं नाही. बायको म्हणाली, "लेकीच्या लग्नाची धास्ती घेतलीय तुम्ही." मलाही ते पटलं. रविवारी धुळ्याला मुलाच्या घरी बोलणी पक्की करायला जायचं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होते, आता फक्त आम्हा मोठ्यांचं जमायचं होतं.

एसटी पारोळ्याला थांबली तेव्हा मी उतरून गाडीभोवती फिरत राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काका, टायर मोजताय का?"

धुळ्यात मुलाच्या घरी आल्याआल्या पोहे. मग शेजारी त्याच्या काकांकडे चहा-शेव, समोर चुलत आजोबांकडे शिरा. भाऊबंदांच्या एकाही घरून तोंड न हलवता निघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. परक्या घरी पोट बिघडायला नको म्हणून मी माझा हिशेब लावला: प्रत्येक खाण्याला एक गोळी. पंगत बसेपर्यंत चौथी पोटात गेली होती.

वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मी मांडी घातली, मोडली, पुन्हा घातली. दुसऱ्या घासाला उठलोच. वाढणारी बाई हातात तुपाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. पंगतीतून मध्येच कुणी उठत नाही, मुलीचा बाप तर नाहीच नाही.

"काय व्हयनं, भाऊ? जेवण गोड नही लागनं का?" मुलाच्या आजीनं विचारलं.

"उठायचंच होतं तर बसले कशाला?" काका म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी, आबांनी, स्वतःचं ताट दूर सारलं. दुखण्याचं नाव काढायचं नाही, असं बायकोनं निघताना बजावलं होतं. तरी मी सगळं सांगून टाकलं, पोटाचं आणि पायांचंही. "आबा, मला हा संबंध हवाय. फक्त बसता येत नाहीये."

गल्लीत येऊन डॉक्टरांना फोन लावला.

"चार? इतक्यात? पुढची घेऊ नका. या गोळीनं काहींना अशीच तगमग होते. संध्याकाळी दाखवायला या, धास्ती-बिस्ती काही नाही ही."

फोन खिशात टाकतो तोवर आबा हात पुसत बाहेर आले. "बसून नाही तर चालून बोलू," म्हणाले.

मग गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्या येरझारा सुरू झाल्या. मानपान, पाहुणे, जेवणावळ सगळं ठरलं. अडलं ते एकाच गोष्टीवर. त्यांना लग्न धुळ्यात हवं होतं, मला जळगावला. मी अडून राहिलो आणि चालतही राहिलो, थांबणं माझ्या हातात नव्हतंच. शेवटी आबांनी ओट्याचा कोपरा धरला.

"जळगाव तर जळगाव, व्याहीबुवा. पण आता मला बसू द्या."

ते बसले. मी त्यांच्यासमोर फिरतच हात जोडले.