जुळ्यांमधलं अंतर

कॉलेजात सरांनी सांगितलं, जुळ्यांपैकी एक भाऊ प्रचंड वेगाच्या यानातून फिरून आला, तर घरी राहिलेल्यापेक्षा तरुण निघतो, कारण वेगात काळ हळू चालतो. शिवाय यानातल्याला वाटतं, मी जागेवरच आहे, पृथ्वीच लांब चालली आहे. वर्ग थक्क झाला. मला कसलं आलंय नवल? बाबांचा जुळा भाऊ तेव्हाच टू-इन-वन रेडिओ-टेप आणि अत्तराचा घमघमाट घेऊन दुबईहून आमच्या कांदिवलीच्या खोलीत उतरला होता. बाबा त्याचे वडील शोभत होते.

"मी आहे तिथेच आहे रे," काका म्हणाला, "तुम्हीच लांब गेलात."

 अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या शीचं भांडं उचलून बाबा संडासाकडे निघाले. काका नाकाला रुमाल लावून दारापर्यंत मागे सरला. कोण कुणापासून लांब जातंय, हे तेव्हा सगळ्यांना सारखंच दिसलं.