टाकीचा पंप

कवठे महांकाळच्या त्या आळीत दगडाबाईच्या मेंढरांविषयी कुणालाही विचारा. मेंढरं आता राहिली नाहीत, पण त्यांच्या गोष्टी राहिल्यात, आणि त्या सांगायला दगडाबाईला आग्रह करावा लागत नाही. श्वास न घेणारं कोकरू तिनं मागच्या पायांना धरून कसं झुलवलं, नाकात फुंकर घालून कसं उठवलं, हे शेजारच्या बनाबाईला इतकं पाठ झालंय की दगडाबाईनं तोंड उघडायच्या आत ती शेवट सांगून मोकळी होते.

त्यामुळं सून पूजा वाईला माहेरी निघाली आणि काचेच्या टाकीतल्या दोन माशांकडं बघत दारात घुटमळली, तेव्हा दगडाबाईला हा सरळसरळ अपमान वाटला.

"शंभर मेंढरं राखली मी," ती म्हणाली. "ही तर दोनच हायती, आन पळूनबी जात न्हाईत."

मासे तिच्या लेकानं, मल्हारनं, पलटणीत परत जाताना बायकोला घेऊन दिले होते. तेवढीच सोबत. एक केशरी, गोलगरगरीत, दिमाखात फिरणारा. दुसरा बारका, कायम दगडाआड. पूजा दुपारी त्यांच्याशी नावं घेऊन बोलायची, पण इतकी हळू, की खिडकीखाली मुद्दाम रेंगाळणाऱ्या बनाबाईला ती नावं काही ऐकू यायची नाहीत. या दुःखानं बनाबाई वाळत चालली होती, असं म्हणवत नाही, कारण ती वाळणाऱ्यांतली नव्हे.

निघताना पूजानं एकच बजावलं. "आत्या, टाकीचा पंप बंद ठेवू नका. लाईट गेली, तर आल्याबरोबर चालू करा."

आता, कृष्णेकाठी वाढलेल्या पोरीच्या डोळ्यांपुढं माशांना हवा देणारी डबी असेल. पण कवठे महांकाळात टाकी म्हणजे गच्चीवरची, आणि पंप म्हणजे बोअरचा. दगडाबाईनं सुनेचा शब्द तंतोतंत पाळला. लाईट आली रे आली की तिचा नवरा गुंडा धावत जाऊन बटण दाबायचा. टाकी भरायची, वाहायची, पाणी बनाबाईच्या परसात उतरायचं. बनाबाईनं तक्रार केली नाही. मेथी पेरली.

पूजानं फोनवर विचारलं, पंप चालू आहे ना? तर सासूनं अभिमानानं सांगितलं, एकबी येळ चुकली न्हाई. पूजा निर्धास्त झाली.

राहिली ती काचेच्या टाकीजवळची डबी. ती रात्रभर घुरघुरायची, गुंडासारखी. गुंडाची पिन काढता येत नव्हती, म्हणून दगडाबाईनं डबीची काढली. शिवाय परक्याची लेकरं उपाशी नकोत म्हणून भाकरीचा चुरा दोन्ही वेळा, सढळ हातानं. पाणी पेजेसारखं झालं, पण दगडाबाईला वाटलं, मासे घरात रुळले.

पूजाची गाडी मिरजेच्या पुढं आल्याचा फोन आला, म्हणून दगडाबाई टाकीची काच पुसायला गेली. तर केशरी मासा वर, आडवा, एका कुशीवर तरंगतोय. बारका पाण्याच्या वर तोंड काढून आ वासून उभा.

बनाबाई न बोलावता आलीच. तिनं मासा मेला असं जाहीर केलं, जास्वंदीखाली जागा सुचवली आणि वर सल्लाही दिला, सांगलीला सेम टू सेम मिळतो, सुनेला काय कळतंय.

"शंभरातलं एक मेंढरू बदललं तर मला कळत हुतं," दगडाबाई म्हणाली. "तिच्याकडं तर दोनच हायती. एकदा फसवलं, की पुन्यांदा ती काय इस्वासानं माझ्या हाती दील?"

तिनं पदर खोचला, हात पाण्यात घातला, मासा ओंजळीत घेतला आणि तोंडाजवळ नेऊ लागली.

"आगं, कोकरू न्हवं ते," दारातून गुंडा म्हणाला.

तेवढ्यात तिला दिसलं, माशाच्या गालामागची पाकळी जराशी उचलली आणि मिटली. तिनं बारक्याकडं पाहिलं. तो वारं पीत होता. तिची नजर डबीवर गेली, डबीवरून लोंबणाऱ्या वायरीवर गेली, आणि पंप म्हणजे कुठला पंप ते तिला उमगलं. पिन खोचली, तर लाईट नाही.

मग हुकूम सुटले. बनाबाईनं मळकं पाणी उपसायचं. गुंडानं गच्चीच्या टाकीचं आणून थोडं थोडं ओतायचं, उंचावरून, बारीक धारेनं, चहा गार करतो तसं. ते संपलं की काचेच्या टाकीतल्याच पाण्यानं तांब्या भरून पुन्हा वरून. गुंडाचा हात दुखला, त्यानं बदलला. दगडाबाई मासा उभा धरून, त्याचं तोंड धारेच्या फेसाकडं करून बसली. पाकळी हलली. थांबली. पुन्हा हलली.

आणि दारात पूजा. पिशवी हातातून गळाली.

"अगं बाई! आत्याबाई गेल्या!"

दगडाबाईनं मान वर केली. "मी कुठं जातीया? हितंच हाय की."

पूजानं जीभ चावली. बनाबाईच्या चेहऱ्यावर महिन्यांचा उपास सुटल्याचं तेज आलं. ओंजळीतल्या आत्याबाईंनी तेवढ्यात शेपटीचा फटकारा मारला, दगडाबाईच्या तोंडावर पाणी उडवलं आणि वाकड्या-तिकड्या का होईना, पाण्यात निघून गेल्या.

दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि आधी पंपाचं सगळं कबूल केलं, भाकरीसकट. पूजाला रडावं की हसावं कळेना. शेवटी तिनं टाकीशेजारी ठेवलेला भाकरीचा कुटका तेवढा उचलून घेतला.

"एवढी जाडी हाय व्हय गं मी?" दगडाबाईनं विचारलं.

"जाडीचं नाही, आत्या. ती टाकीभर फिरते, तुम्ही घरभर फिरता तशी, म्हणून."

दगडाबाईला हे पटलं. तिनं दगडाआड परत दडी मारलेल्या बारक्याकडं बोट केलं. "आन ह्यो?"

 गुंडाकडं बघून पूजानं पदर तोंडाला लावला. गुंडा तोवर तांब्या ठेवून हळूच दाराआड सरकला होता.