एका पातेल्यातल्या मनुका

आमच्या घरात प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत भाकरीबरोबर प्यायचा, रस काढतात. काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकळायच्या, कुस्करायच्या आणि धुतलेल्या मलमलीतून गाळायच्या. भोरच्या आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, हा रस कामथडीच्या आमच्या घरून जातो, आणि हे माझ्या सासूबाई सून म्हणून आल्या त्याच्याही आधीपासून चालत आलंय. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येते का हे कुणी विचारलं नाही. मनुका किती उकळायच्या, हे मात्र सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं. "करपल्या तर समदी मंडळी तोंड वाकडं करंल," त्या म्हणायच्या, "आन् प्रभूच्या मेजावर तोंड वाकडं करू नये."

पुढे तोंडं वाकडी झालीच, पण त्यात मनुकांचा काही दोष नव्हता.

माझे धाकटे दीर आणि जाऊ नसरापूरला एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळीत जायला लागले. तिथं टाळ्या, ढोलकी, मोठ्यानं प्रार्थना. तेवढ्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण दोघांनी भाटघर धरणाच्या पाण्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि ठिणगी पडली. आमचे पाळकसाहेब म्हणाले, तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून झालेला बाप्तिस्मा एकदाच असतो; दुसरा घेणं म्हणजे पहिल्याला खोटं पाडणं, अशांना आमच्या प्रभुभोजनाला बसता येणार नाही. तिकडचे पास्टर म्हणाले, ज्याला पाण्यात बुडवलंच नाही त्याचा बाप्तिस्मा झालाच नाही, तेव्हा त्याला आमच्यात बसता येणार नाही. झालं! माझे हे आणि भाऊजी पाठचे भाऊ, घरी एका पंगतीला जेवायचे, एकमेकांच्या ताटातला कांदा उचलायचे, पण प्रभूच्या मेजावर एकमेकांना चालेनात.

शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "आगं, तुमच्यात बी दोन पार्ट्या व्हय?" गावात सोसायटीपासून जत्रेपर्यंत सगळ्याच्या दोन पार्ट्या, त्यामुळे त्यांना आम्ही आता कुठं आपल्यातले वाटलो असू. त्या हसल्या, मीही हसले, आणि घरात येऊन भांडी जरा जास्तच आपटली.

जाऊ हॉलसाठी वेगळा रस काढू लागली. शिकली होती याच ओट्यावर. आमचं प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्यांचं दुसऱ्या. त्यामुळे ओट्यावर मनुकांची एका वेळी एकच वाटी असायची आणि भांडण टळायचं. आम्ही दोघी जावा डाळीपासून डायपरपर्यंत सगळं बोलायचो, देवाचं तेवढं सोडून. ख्रिस्ती घरात याहून वेडगळ नियम कुठला असेल? पण त्यानं घर शांत होतं, आणि शांत घर मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

मग आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला. भोर-वेल्हे रस्त्यावर उभी हयात एसटी चालवलेला माणूस. बाथरूममध्ये पडले आणि उजवी बाजूच गेली. यांनी काखेत हात घातले, भाऊजींनी पाय धरले, आणि दोघांनी उचलून त्यांना टेम्पोत घातलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा जीभ जड झाली होती, डॉक्टरांनी आशा दिली नव्हती. त्यांनाही ते कळत होतं. एका दुपारी मी पेज भरवत होते तर माझं मनगट डाव्या हातानं धरून म्हणाले, "सूनबाई, दोगा पोरांनी माज्यासंगं येका टायमाला प्रभुभोजन घ्यावं. मग म्या मोकळा." शब्द लागायला वेळ लागला. लागले तेव्हा मी चमचा वाटीत ठेवून दिला.

आजाऱ्याला घरी येऊन प्रभुभोजन द्यायची आमच्यात रीतच आहे. मी यांच्यामार्फत पाळकसाहेबांना गळ घातली: आबांसाठी या, आणि भाऊजींना एकदा, एकदाच बसू द्या. ते म्हणाले, "येतो. बाकीचं तिथं आल्यावर बघू." झावळ्यांच्या रविवारनंतरचा गुरुवार ठरला, कारण प्रभूनं शिष्यांबरोबर शेवटचं भोजन केलं ते त्या दिवशी. जावेला मी सांगितलं नाही. आधी सांगितलं आणि साहेबांनी ऐन वेळी नाही म्हटलं तर? पुन्हा तोच अपमान तिच्या पदरात कशाला घालायचा?

आबांनी तेच वाक्य जावेलाही सांगितलं होतं, हे मला काय माहीत! तिनं तिकडं पास्टरना गळ घातली. त्यांनीही गुरुवारच निवडला, कारण तेच. तिनंही मला सांगितलं नाही, तेही त्याच कारणानं. एकमेकींना जपण्याच्या नादात आम्ही दोघींनी एकाच दुपारी दोन धर्मगुरू बोलावून ठेवले.

बुधवारी रात्री मी मनुका भिजवून वाटी खिडकीत झाकून ठेवली. तिनं तिची फडताळात झाकून ठेवली. गुरुवारी सकाळी मी आबांचं अंग पुसत होते आणि ती कपडे धूत होती, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना दोन्ही वाट्या सापडल्या.

दुपारी चारच्या सुमाराला आबांच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोघं जण बसले होते. एकीकडे पाळकसाहेब, वयस्क, पांढरा झगा घडी करून मांडीवर, मखमली पिशवीत चांदीचा प्याला. दुसरीकडे पास्टर, माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचे, पिशवीत छोटे प्लास्टिकचे कप आणि रुमालात गुंडाळलेली बिनखमिराची चपाती. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि मग पंख्याकडे बघत बसले. हे आणि भाऊजी दारात उभे. मी रस आणायला आत गेले तर जाऊ माझ्यामागोमाग आली. ओट्यावर एकच पातेलं होतं.

"माझा रस?" आम्ही दोघींनी एकदम विचारलं.

"तुजा बी त्योच, हिचा बी त्योच," सासूबाई म्हणाल्या. "दोन वाट्या घावल्या. म्हनलं, दोगी बी येडच्याप हायत, येकीनं भिजवल्यात ते दुसरीला ठावं न्हाई. सिलिंडर संपत आलाय, दोनदा कशाला जाळायचा? येकातच उकळल्या."

जावेचं तोंड पडलं. माझंही पडलं असणार. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि बाहेर दोन धर्मगुरू वाट बघत होते. शेवटी मी तांब्या भरला, तिनं त्यावर झाकायला वाटी घेतली, आणि दोघी मिळून बाहेर गेलो. पाळकसाहेबांनी एका तांब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"रस कुणाकडचा?"

"घरचा," आमच्यामागून सासूबाई म्हणाल्या.

साहेब चष्मा काढून पुसू लागले. "नियमानं बघायला गेलं तर..." त्यांनी सुरुवात केली, आणि तेवढ्यात खाटेवरून घरघर आली. आबा बोलत होते.

"म्या पडलो तवा... दोगांनी उचललं." त्यांनी दम घेतला. "तवा कुनी इच्यारलं न्हाई... कुनाला शिपडलं, कुनाला बुडवलं."

माझ्या नवऱ्याला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. भाऊजी तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाळकसाहेबांनी चष्मा परत लावला, त्या तांब्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे प्रभूचं देऊळ नाही. आजाऱ्याची खोली आहे. इथं आजाऱ्याचं चालेल."

पास्टर उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "साहेब, भाकर तुम्ही मोडा. प्याला मी धरतो."

साहेबांनी ती चपातीच मोडली. रस चांदीच्या प्याल्यात ओतला. यांनी आबांच्या पाठीशी बसून त्यांना टेकू दिला, भाऊजींनी पास्टरांच्या हातून प्याला घेऊन आबांच्या ओठांना लावला. थोडा रस हनुवटीवरून ओघळला. यांनी तो बाहीनं पुसला, आणि मग भाऊजींनी तोच प्याला यांच्यापुढे धरला. हे प्यायले. यांनी तो भाऊजींपुढे धरला. मग आम्ही सगळे. मला तेव्हा इतकं बरं वाटलं की इतके दिवस काय दुखत होतं ते तेव्हाच कळलं.

आबांनी ओठ चाटले आणि सासूबाईंकडे बघितलं. "पातळ झालाय," ते म्हणाले.

"दोगींचं बी पानी पडलंय त्यात," सासूबाई म्हणाल्या. "आटवाया ग्यास पुरला न्हाई."

आबा भाताची लावणी उरकेपर्यंत होते. नंतर सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. पाळकसाहेबांचे नियम आहेत तेच आहेत, पास्टरांचेही. पण जावेनं हॉलवाल्यांना सांगून टाकलं की आमच्या घरी गॅस एकदाच जळतो, तेव्हा प्रभुभोजन पहिल्या रविवारीच घ्या. त्यांना ते पटलं. आता शनिवारी रात्री एकच मोठी वाटी भिजते, आणि तो रस आम्ही नीट आटवतो.

रविवारी सकाळी दोन स्कूटर गावातून एकत्र निघतात. महामार्गाला लागलं की आमची कापूरहोळकडे वळते, त्यांची नसरापूरकडे. दोघींच्या मांडीवर रसाची बाटली असते. बाटल्या सारख्याच आहेत. पूर्वी मी माझ्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधायचे. आता कुठली कुणाची ते आम्ही बघत नाही.