मामंजींच्या सळया

माझ्या सासरी कुलपं रगड होती, पण किल्ली एकाही कुलपाची नव्हती. नवं कुलूप विकत घेतलं की मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याच्या किल्ल्या घरी येता येता वाटेतल्या भंगारवाल्याच्या टोपलीत टाकून मोकळे होत. "किल्लीनं काय, कुनीबी उघडतंय की," असं त्यांचं म्हणणं. मग ते कुलूप कपाटाला नाहीतर कोठीला लागे, आणि उघडायचं झालं की मामंजींनाच बोलावणं. सासूबाईंना पुरणासाठी गूळ हवा असला तर आधी दुकानात निरोप जाई. मग मामंजी धोतराचा सोगा सावरत झपाझप येत, कोठीच्या कुलपात बारीक सळी घालून ते उघडत आणि आल्या पावली परत जात. "ह्या घरात गुळाला कुलूप हाय, आन किल्ली ह्यांच्या बोटांत हाय," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. त्यात तक्रार किती आणि मिजास किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी माढ्याची. सत्तरच्या पुढेमागे लग्न होऊन सोलापुरात आले. घर साखर पेठेत आणि सुताचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. घरात मराठी आणि कानडी अशी मिसळून चाले की वाक्य एकीत सुरू होऊन दुसरीत संपायचं. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, हा तिथलाही रिवाज होता, पण त्याचा मला कधी जाच झाला नाही, कारण मामंजी स्वतःच बसत नसत. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र फेऱ्या मारत. पूजेपुरते तेवढे बसत, तेव्हाही एक गुडघा हलत असे. दुकानात गिऱ्हाईक सुताचा भाव विचारी, तोवर हे फळीवरून उतरून रस्त्यावर जाऊन परत आलेले असत. "ह्या मानसाला सुख म्हनून न्हाय," सासूबाई म्हणत. मला तर पहिले काही महिने त्यांच्याकडे बघूनच धाप लागायची.

हा कुलपांचा नाद त्यांना दुकानातच लागला. एकदा दुकानाची किल्ली हरवली म्हणून चावीवाला बोलावला. त्यानं एक तार आत घातली, मान वाकडी केली आणि कुलूप उघडून दिलं. दुसरा कोणी असता तर "बरं झालं" म्हणून दुकान उघडून बसला असता. हे चावीवाल्याच्या मागे मागे चौकापर्यंत गेले. "आत दिसत तर न्हाय, मग तुला कळलं कसं?" तो हसून म्हणाला, "हाताला कळतंय, अण्णा." एवढ्यानं मामंजींची झोप उडाली. त्यानंतर घरात जी कुलपं यायला लागली ती थांबलीच नाहीत. मात्र दुसऱ्याच्या कुलपाला, त्याचा धनी समोर उभा असल्याशिवाय, त्यांनी कधी बोट लावलं नाही.

आणि गंमत अशी, की कुलूप हातात आलं की हा वारा प्यालेला माणूस एकदम थांबे. डाव्या हातात चाप, म्हणजे कुलपाला हलका ताण देणारी वाकडी पट्टी. उजव्या हातात सळी. सळीनं आतली एकेक पिन उचलून बसवायची, सगळ्या बसल्या की कुलूप फिरतं. तेवढा वेळ गुडघा हलत नसे, पापणी लवत नसे. तोंडानं फक्त "निधान, निधान" चाले. निधान म्हणजे कानडीत सावकाश. ते कुलपाला सांगत की स्वतःला, कोण जाणे.

पण हातातली सळी मनासारखी आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही. सायकलचा स्पोक घासून केलेली सळी दणकट होती, तर म्हणे "ही ऐकत न्हाय, नुसतीच बोलती." करवतीच्या पात्याची केली, ती कडक म्हणून नापास. छत्रीच्या काडीची केली, ती मऊ. "ही जरा बोललं की वाकतीया." मग नरसय्या म्हणून एक विणकर सूत न्यायला येत, त्यांनी मागाच्या जुन्या फणीतल्या पोलादी पट्ट्या आणून दिल्या. ताण्याचे धागे वेगळे ठेवणाऱ्या त्या पट्ट्या कागदासारख्या पातळ असतात, पण मोडत नाहीत. त्या दिवशी मामंजी जेवायचे राहिले. कानशीनं घासायचं, टोक वळवायचं, आणि परीक्षा घ्यायची. परीक्षा त्यांची त्यांनीच काढलेली होती. माझ्या फणीतला एक लांब केस मागून न्यायचा, पाटावर ठेवायचा, वर कागद अंथरायचा आणि डोळे मिटून सळीचं टोक कागदावरून फिरवायचं. खालचा केस बोटाला कळला तर सळी पास. फणीच्या पट्टीची सळी पास झाली, आणि आठ दिवसांतच तिच्यातही खोट निघाली. सून केस विंचरत बसलीय आणि सासरा दाराआडून, लेकीला मायेनं म्हणावं तसं, "एक केस दे गं यव्वा" म्हणतोय, हे शेजारणींना सांगून कोणाला पटलं नसतं.

दुपारी दुकानातून चक्कर मारायला आले की ते मलाही शिकवू लागले. उंबऱ्याच्या अलीकडे ते, पलीकडे मी, दोघंही उभे. मला ते आवडायला लागलं होतं, हे मी सासूबाईंना कळू देत नव्हते. सळी मागितली की मात्र मामंजी चिडत. "मामंजी, तुमी द्याल ती घेते की," मी म्हणे. "माजी पायताणं घालून चालतीस का तू? घालतीस? मग माजी सळी कशाला? हाताला इचार आन तुजी तू निवड." मी निवडत नसे. जी हाताला लागेल ती घेई आणि लहानसहान कुलपं उघडे.

पुढे एका हिवाळ्यात मी पाटावरचा कागद वाजताना ऐकला. सळी टेकवली की कागद थरथरत होता. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, कागद चुरगाळला आणि "कागदच खराब हाय" म्हणून दुकानाकडे निघून गेले. त्यांचे हात कापायला लागले होते. मुळात हा माणूस कधी स्थिर नसल्यानं घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कप खाली न ठेवता फिरवत राहायचा, उपरण्याशी चाळा करायचा, म्हणजे थरथर त्यात झाकून जायची. कोठीचं कुलूप आता उशिरा उघडायचं आणि सासूबाई "वय झालं" म्हणायच्या. मी कुणालाच काही बोलले नाही. बोलायचं कसं? सगळं घर त्या बोटांवर चाललं होतं, आणि मामंजीही.

त्याच दिवसांत त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला ओढलं की आपोआप लागणारं नवं कुलूप बसवलं. किल्ल्या अर्थातच भंगारात. मला वाटतं, हात अजून चालतात हे त्यांना स्वतःलाच दाखवायचं होतं. एका सकाळी मी स्टोव्हवर दूध ठेवून परसात धुणं टाकायला गेले. माझा रवी तेव्हा नुकताच पाऊल टाकायला लागला होता, तो आत खेळत होता. वाऱ्यानं दार आपटलं आणि लागलं.

मी खिडकीकडे धावले. खिडकीला गज. आतून स्टोव्हचा फरफर आवाज येत होता, आणि रवी भिंतीला धरून धरून त्या आवाजाकडे निघाला होता. मी हाक मारली की तो हसे आणि आणखी एक पाऊल टाके. रवीचे वडील मालाला बाहेरगावी गेलेले. सासूबाई पहार मागायला शेजारी पळाल्या, पण ते सागवानी दार पहारीनं कधी निघणार? मामंजी धावत आले. चाप लावला, सळी घातली. हात कापत होता. एक पिन बसे, चाप हले आणि ती परत पडे. तोंडानं "निधान, निधान" चालूच होतं. आरडाओरडा ऐकून खिडकीशी आलेल्या शेजारीणबाई ओरडल्या, "अवो, दूध उकळतंय, पोरगं जवळ गेलं!"

मामंजी दारापासून बाजूला झाले. "माज्यानं न्हाय व्हायचं, यव्वा," ते म्हणाले आणि सळयांची सगळी पिशवी माझ्यापुढं धरली.

"कुठली घेऊ?"

"मला नको इचारू. तुजी घे."

मी पिशवीत हात घातला. सुबक, पास झालेल्या सगळ्या सळया बोटांखालून गेल्या. हाताला बरी वाटली ती छत्रीच्या काडीची, त्यांनी केव्हाच नापास केलेली. जोर लावला की ती वाकायची, म्हणून मला जोर लावताच येईना, आणि तेच बरं झालं. मी डोळे मिटले. दाराच्या आत पोर होतं आणि मी त्याचा विचार करत नव्हते, फक्त बोटाच्या टोकाशी काय हलतंय एवढंच. दार उघडलं तेव्हा दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला होता, रॉकेलचा वास भरला होता, आणि रवीचा हात स्टोव्हच्या पंपावर होता.

मी त्याला उचलून अंगणात जाऊन बसले. मामंजी समोर आले, रवीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्या मुठीतली सळी सोडवून घेऊन बघत राहिले. "ही?" एवढंच म्हणाले, आणि ती परत माझ्या हातात ठेवली. दुपारी त्यांनी स्वतः जाऊन चावीवाला आणला आणि घरातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली करून घेतली. तो कानस चालवत होता आणि मामंजी शेजारी खाली मान घालून उभे होते. सासूबाईंना आता गुळासाठी कुणाला बोलवावं लागणार नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "मी बोलत हुते खरी, पर हे असं नको हुतं गं."

नंतरचे महिने फार वाईट गेले. मामंजी नुसते फिरत. घरातून दुकान, दुकानातून घर, मधेच पेठेच्या टोकापर्यंत. कशालाही हात लावत नसत. मला बघवत नसे. शेवटी एका दुपारी मीच कपाटातलं सगळ्यात अवघड कुलूप काढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "मामंजी, हे मला जमत न्हाय." ते दारापर्यंत जाऊन परत आले. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "बस." मी पदर सावरून त्यांच्यासमोर बसले.

मी सळी चालवायची आणि त्यांनी कुलपाच्या पाठीवर एक बोट टेकवायचं, अशी रीत त्या दुपारी पडली. आत पिन बसली की त्यांच्या बोटाला माझ्याआधी कळायचं. "बसली की!" ते म्हणत. मी घाई केली की बोट उचलत. पितळेवर टेकलेलं ते बोट कापत होतं की नाही, हे मी मुद्दाम कधी पाहिलं नाही. त्यांनाही ते पाहायचं नसावं. अशी किती कुलपं आम्ही मिळून उघडली! किल्ल्या खुंटीला टांगलेल्या असायच्या, त्यांच्याकडे दोघंही बघत नसू.

ते गेले, त्यानंतर पुष्कळ दिवस मी कुलपाला हात लावला नाही. मग एकदा घरात कोणी नसताना एक कुलूप घेऊन भिंतीशी बसले. चाप लावला, सळी घातली. पहिली पिन बसल्याचं कळलं आणि मी सवयीनं थांबले. घर अगदी गप्प होतं. "बसली की, मामंजी," मी मोठ्यानं म्हणाले, आणि पदरात तोंड घालून पोटभर रडले.