गाडी पहिल्यांदा कुठे थांबली?

परवा आईला घेऊन गावच्या ग्रामपंचायतीत गेलो होतो. बाबांच्या मृत्यूचा दाखला काढायला... तिसरी फेरी.

बाबा जाऊन सोळा दिवस झाले होते. घर त्यांच्या नावावर, बाजूच्या जागेत गोदामासाठी मोजणी सुरू झालेली, आणि वारस म्हणून आईचं नाव लावायचं तर आधी हा कागद हवा. एकवीस दिवसांत नोंद झाली नाही की पुढची धावपळ वेगळीच.

आमच्या भिवंडीचा भूगोल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका अंगाला खाडी, एका अंगाला नाशिक हायवे आणि मधे गोदामंच गोदामं. रस्त्याची ही कड ग्रामपंचायतीची, ती कड महापालिकेची, आणि मधला खड्डा कुणाचाच नाही! आजवर या हद्दीवर मीच मित्रांमध्ये जोक मारायचो. आता नाही मारवत.

त्या दिवशी सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. मी धावत गाडी काढली, त्यांना उचलून मागे बसवलं. हॉर्नवर हॉर्न देतोय आणि आमच्या मातोश्री तुळशीपाशी उभ्या... असं डोकं फिरलं माझं! वाटलं, नमस्कार करायची ही काय वेळ आहे का?

हायवेच्या नाक्यावर कंटेनरची रांग लागली होती. म्हणून मी खाडीकडच्या आतल्या रस्त्याने गाडी घातली. तो रस्ता लांबचा आहे, पण परत हायवेला लागेपर्यंत मोकळा असतो.

गावाच्या शिवेवर एक शेंदूर लावलेला दगड आहे. तो यायच्या जरा आधी आई म्हणाली, थांब, पानी पाजते यांना. मी खेकसलो तिच्यावर... "आता पाणी पाजायची वेळ आहे का ही?" पण थांबलो. अर्धा मिनिट असेल.

मग मागून आवाज आला, "चल आता. हळू चालव. हाय अजून."

पुढे पाऊण तास मी गाडी हाणत होतो. आरशात बघितलं तर आईने बाबांच्या तोंडावर पदर धरलेला. म्हणाली, ऊन लागतं त्यांना. मी आपला बोलतोय बाबांशी, आलंच हां बाबा, शाळेचा नाका आला, आता पूल... दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. आणण्याआधीच गेलेत म्हणाले.

दहाव्याला मामा सगळ्यांसमोर बोलला, "नाक्यावरून नेलं असतंस तर वाचले असते." तेव्हापासून रोज तोच हिशोब डोक्यात... नाक्यावर थांबलो असतो तर? रांग दहा मिनिटांत सुटली असती तर? बापाला मीच मारला की काय, हा विचार एकदा डोक्यात शिरला की जेवण जात नाही हो.

त्यात ही नोंद. शहरातल्या खिडकीवर म्हणाले, दवाखान्यात मृत्यू झालेला नाही, गावाला जा. गावात भाऊसाहेब म्हणाले, गावातून तर जिवंत गेले ना? भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, गावात सगळे त्यांना असंच म्हणतात. माणूस वाईट नाही, पण मृत्यूच्या जागेचा रकाना रिकामा कसा सोडणार तो तरी?

परवा त्यांनी नियम काढून ठेवला होता. धावत्या गाडीत माणूस गेला, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथली हद्द धरायची. म्हणाले, "सांगा, गाडी पहिल्यांदा कुठे थांबली?"

मी म्हटलं, दवाखान्याच्या दारात.

"न्हाय," आई म्हणाली.

आधीच्या दोन्ही वेळा ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली होती. या वेळी सही लागेल म्हणून तिला आत बोलावलं होतं.

"मावशी, कुठल्या हद्दीत थांबली मग?" भाऊसाहेबांनी विचारलं. तिला हद्द काही कळेना. मग ते म्हणाले, "म्हणजे शीव. शिवेच्या आत की बाहेर?"

"आत," आई म्हणाली. "दगडाच्या अलीकडं. यांचा हात गार पडाया लागला तवा मीच थांबवली. तुळशीचं पान पदराला बांधून आणलं व्हतं. पान ठेवलं, पानी घातलं, एक घोट गेला... आनि गेले ते. आपल्याच गावात गेले."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणजे तो पाऊण तास...? मी बाबांना नाके सांगत होतो तेव्हा...?

"मग मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलोच जवळजवळ.

"सांगितलं असतं तर तुझे हात राहिले असते का जाग्यावर? म्होरं ते कंटेनर... तुला पन घालवायचं व्हतं का मला?"

म्हणजे नाक्यावरून नेलं असतं तरी बाबा पोचले नसते. ऑफिसात चार माणसांसमोर मी रडलो. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

नोंद झाली. दाखला हातात आल्यावर आईने तो माझ्याकडेच दिला, तिला वाचता येत नाही. म्हणाली, जागेचं तेवढं वाच. मी गावाचं नाव वाचलं. परत वाच म्हणाली, मी परत वाचलं.

मग तिला शहरात मावशीकडे सोडायला निघालो, आतल्याच रस्त्याने. शिवेवरच्या दगडाच्या अलीकडे मी आपणहून गाडी थांबवली. आईने खिडकीतून दगडाकडे बघून हात जोडले. मला तिची माफी मागायची होती, त्या दिवशी खेकसलो त्याची... ती आपणच म्हणाली, "चल आता. हळू चालव."

आई, त्या दिवशी मला घरी जिवंत आणलंस तू. इथे लिहितोय, कारण तोंडावर बोलता आलं नाही.