आंदर मावळातली एसटीची राखण

"सोबत कोण आहे?" आईनं विचारलं.

"सुलू," मी म्हटलं.

"आणि सुलूच्या सोबत?"

"मी."

यावर आईनं केलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, पण आम्ही गेलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सुलू आणि मी पुण्यात टेलिफोन ऑपरेटर होतो. कुणीतरी ऑफिसात कुसूरच्या घाटाचं वर्णन केलं आणि सुलूच्या डोक्यात ते बसलं. आमचा शिपाई आंदर मावळातला. तो म्हणाला, "बिनधास्त जावा, आमचे चुलते हायेत तितं." चार दिवसांची रजा टाकली आणि मे महिन्याच्या उन्हात निघालो. ज्यांना आज जायचंय त्यांना आधीच सांगते, मे महिन्यात जाऊ नका. आणि गेलातच तर पाणी भरपूर न्या.

पहिला मुक्काम लोणावळ्याला सुलूच्या मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. पॅसेंजर फलाटाला लागते न लागते तोच सुलूनं खिडकीतून रुमाल फेकला आणि जागा धरली. ही तिची खासियत. ती रुमाल टाकणार, मी दारातून कोपरं मारत घुसणार. या कामात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आम्हाला त्याचा अभिमानही होता. लोणावळ्यात चिक्की घेतली, पानाच्या द्रोणातली करवंदं खाल्ली आणि संध्याकाळी खंडाळ्यापर्यंत चालत जाऊन आलो. मामी म्हणाल्या, "ही थंड हवा सोडून तिकडे उन्हात कशाला मरायला जाताय?" प्रश्न बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी गाडीनं उलटं कान्ह्याला आलो आणि फाट्यावर तळेगावहून येणारी एसटी पकडली. तीही अर्थातच रुमाल टाकून. टाकव्यापर्यंत रस्ता बरा होता, पुढे धूळ आणि खड्डे. डावीकडे डोंगर, उजवीकडे नांगरून ठेवलेली भातखाचरं, मधेच धरणाचं पाणी चमकून जायचं. शेजारच्या बाईंनी मांडीवरची कोंबडी न विचारता सुलूच्या मांडीवर ठेवली आणि खुशाल झोपी गेल्या.

गावात उतरलो तर थांब्यावर वडाखाली एक विचित्र ओळ मांडलेली. एक पोतं, त्यामागे पाटी, मग सूप, मग दोरीनं बांधलेली वळकटी, मग एकच चप्पल. माणूस एकही नाही. माणसं सगळी सावलीत पाय पसरून गप्पा मारत बसलेली. ओळीच्या कडेला तेवढा एक म्हातारा काठी घेऊन उभा होता.

"बाजार आहे का?" सुलूनं विचारलं.

"रांग हाय," म्हातारा म्हणाला. "परतीच्या गाडीची."

आम्ही हसलो. आम्हाला न्यायला आलेल्या धोंडिबाआबांना, म्हणजे शिपायाच्या चुलत्यांना, आमचं हसणं आवडलं नाही. आबा गावातले मोठे शेतकरी, अंगानं उंच, बोलणं तोडून टाकल्यासारखं. घरी नेऊन चहा दिला आणि मग सगळं सांगितलं.

एसटी गावापर्यंत यायला लागून वर्षच झालं होतं, तीही दिवसातून एकदाच. आधी टाकव्यापर्यंत चालत जावं लागायचं. गाडी आल्याचा आनंद इतका, की दार उघडलं की सगळा गाव एकदम दारावर. कुणी टपावर, कुणी मागच्या शिडीला लोंबकळलेलं. एका बाजाराच्या दिवशी काच फुटली, कंडक्टरची तिकिटांची पेटी पायाखाली गेली आणि वर डोंगरातल्या ठाकरवाडीतली एक पोरगी दारात पडून चेंगरली. तिचा हात मोडला. मग डेपोचे साहेब आले. चावडीवर उभं राहून म्हणाले, पुन्हा असं झालं तर गाडी टाकव्यालाच थांबेल.

"मग आमी राखण लावली," आबा म्हणाले.

भात पिकलं की रानडुकरांपासून शेतं राखायला गावात पाळी असते. टोकाला घुंगूर बांधलेली काठी आज या दारात, उद्या पुढच्या. ज्याच्या दारात काठी, त्याची राखण. तीच काठी आता एसटीला लावली होती. आपली वस्तू रांगेत ठेवायची, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि कंडक्टर "बास" म्हणाला की बास. सुरुवातीला राखणदार आपल्याच सोयऱ्यांना पुढे घालायला लागले. तेव्हा आणखी एक नियम झाला. ज्याच्या दारात काठी, त्याच्या घरच्यांनी त्या दिवशी सगळ्यात शेवटी चढायचं.

रात्री मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. सुलूनं आयुष्यात पहिल्यांदा सुकट खाल्ली, तीन भाकऱ्यांबरोबर, आणि घरी सांगू नको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कुसूरचा घाट. भल्या पहाटे निघा, हा माझा सल्ला. वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही. माथ्यावर पोचलो आणि पायाखालून जमीनच संपली. खाली कोकण धुरकट पसरलेलं, आणि तिथून येणारा गरम वारा थेट तोंडावर. सुलू एका दगडावर बसून म्हणाली, "आता मला कुणी ट्रंक कॉल मागितला तर मी देणार नाही." खूप वेळ आम्ही तशाच बसलो होतो. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी परतलो तर आबांच्या अंगणात वाद चालला होता. एक तरुण गडी काठी घेऊन उभा होता. गावातली घरं संपली, आता पाळी ठाकरवाडीची, असं त्याचं म्हणणं.

"वर कुटं नेतोस?" आबा म्हणाले. "पुन्ना पयल्या घरापासनं सुरू कर. वरच्यांचं कोन ऐकनार?"

"गाडीत ती बी बसत्यात की, आबा."

"बसू दे. राखायचं काम त्यांचं न्हाई."

गडी काठी घेऊन चढणीला लागला. घुंगराचा आवाज वर वर जात राहिला. आबा तंबाखू मळत बसले.

मग मावशींनी चुलीपाशी मला हळूच सांगितलं, की काठी हिराबाईच्या दारात जाणार, आणि हात मोडला होता ती पोरगी हिराबाईचीच. सखू तिचं नाव. सातवी पास झालेली, वाडीतली पहिलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगावच्या दवाखान्यात तिची मुलाखत होती, नर्सबाईच्या शिक्षणासाठी. ही हुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, आणि तोपर्यंत बाप लग्न लावून देणार.

"मग हिराबाईंनी काठी एक दिवस शेजारी द्यावी ना," मी म्हटलं.

"मी बी तेच म्हनले तिला. म्हनली, मावशे, एकदा परत धाडली तर पुन्ना वर यायची न्हाई. आन् जागा गावती गं शेवटच्याला बी, रोज गावती."

रोज मिळत होती. पण दुसऱ्या दिवशी लग्नाची तिथी होती.

सकाळी थांब्यावर पोचलो तर रांग वडाला वळसा घालून गेलेली. अख्खं वऱ्हाड ट्रंका, हंडे आणि गुंडाळलेल्या सतरंज्यांसह आधीच येऊन बसलं होतं. आबा बियाणं आणि नांगराचा फाळ आणायला तळेगावला निघाले होते. पाहुण्या म्हणून त्यांनी आमच्या पिशव्या पुढे ठेवल्या आणि स्वतःचं पोतं आमच्या मागे. रांगेच्या कडेला काटक बांध्याची, कासोटा घट्ट मारलेली हिराबाई काठी घेऊन उभी. तिच्यापासून लांब, वडाच्या मुळावर सखू. धुतलेलं परकर-पोलकं, हातात कापडी पिशवी. डावा हात कोपरात जरा वाकडा. तिनं पिशवी अगदी शेवटी, आबांच्या पोत्यामागे ठेवली.

गाडी आली आणि सुलूनं सवयीनं खिडकीतून रुमाल टाकला. पुढच्या क्षणी हिराबाईनं खिडकीतून काठी आत घातली, रुमाल टोकावर उचलला आणि सुलूच्या हातात ठेवला.

"हितं ह्ये चालत न्हाई, ताई."

सुलू कानापर्यंत लाल झाली. वऱ्हाड मनसोक्त हसलं. मग एकेक वस्तू उचलली गेली आणि एकेक माणूस चढलं. एक वऱ्हाडी टपाच्या शिडीकडे वळला, काठी आडवी आली, तो मुकाट रांगेत परतला. ढकलाढकल नाही, आरडाओरडा नाही. सुलू चढली, मी चढले, आणि माझ्या पाठीमागे कंडक्टर म्हणाला, "बास."

खाली आबा आणि सखू उरले होते.

कंडक्टरला मुलाखतीचं माहीत होतं. तो दारात वाकून म्हणाला, "हिराबाई, पोरगी बारीक आहे. ड्रायव्हरजवळ उभी करतो. कुणी काही म्हणणार नाही."

"गाडी भरली न्हवं?"

"भरली. पण एकटीला काय होतंय?"

"आज माजी एकटी, उद्या दुसऱ्याची. मंग म्हंत्याल, ठाकरवाडीत काठी गेली आन् तवाच मोडलं." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "न्हाई घ्यायची."

खरं सांगते, मला त्या बाईचा भयंकर राग आला. पोटच्या पोरीचं आयुष्य त्या दारात उभं होतं. सखू रडत नव्हती, आईकडे बघतही नव्हती. ती नुसती गाडीच्या पायरीकडे बघत होती, जिथे पडून तिचा हात मोडला होता. ते पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. तीच गर्दी पुन्हा दारावर येऊ नये म्हणून ही बाई उभी होती.

"सुलू, तू जा. तुझी उद्या सकाळची ड्यूटी आहे," असं म्हणून मी खाली उतरले. वाटलं, झालं काम. सखूला हात धरून पुढे आणलं.

काठी आडवी आली.

"लंबर आबांचा हाय, ताई."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रिकामी झालेली जागा मी माझ्या मर्जीनं कुणाला देऊ शकत नव्हते. ती रांगेतल्या पुढच्या माणसाची होती, आणि तो पुढचा माणूस म्हणजे आदल्या संध्याकाळी "वरच्यांचं कोन ऐकनार" म्हणणारे आबा. हिराबाई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "चढा, आबा."

आबांनी एक पाय पायरीवर ठेवला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडीतलं सगळं वऱ्हाड खिडक्यांमधून बघत होतं. आबा तसेच थांबले. मग पाय खाली घेतला, वाकून पोतं उचललं, सखूच्या पिशवीमागे नेऊन ठेवलं आणि धोतराला हात पुसले.

"म्या मागं हाय," ते म्हणाले. "लंबर पोरीचा."

"पोतं कुटं व्हतं त्ये म्या पाह्यलंय, आबा."

"मंग आता कुटं हाय त्ये बग."

हिराबाईनं पोत्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं. मग काठीनं सखूला दार दाखवलं.

"चढ."

गाडी धुरळा उडवत गेली. हिराबाईनं मला हात जोडले नाहीत की आबांचे आभार मानले नाहीत. वडाच्या मुळावर टेकली आणि पदरानं तोंड पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती. आम्ही निघालो तेव्हा तिनं फक्त विचारलं, "पानी घेतलंय न्हवं?"

टाकव्यापर्यंत मी आणि आबा चाललो. ऊन मरणाचं. वाटेत जांभळं मिळाली, एका वस्तीवर ताकही मिळालं. आबा फाळाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. टाकव्याची घरं दिसायला लागली तेव्हा अचानक म्हणाले, "मला वाटलंवतं, ती काठी परत धाडील."

"धाडली असती तर?"

"बरं वाटलं असतं मला." मग जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "ते काय चांगलं न्हाई."

घरी पोचायला दिवेलागण झाली. आईनं चप्पल आणि चेहरा बघून विचारलं, "कोण होतं सोबत?" मी म्हटलं, "धोंडिबाआबा." तिला काही कळलं नाही, आणि मला सगळं सांगायचं त्राण नव्हतं. पुढे सुलूनं रुमाल टाकणं सोडलं. मी कोपरं मारणं सोडलं असं म्हणणार नाही, पण मारलं की ती आडवी काठी आठवायची आणि लाज वाटायची. पहाडाच्या माथ्यावरून दिसणारं ते कोकण मी नंतर पुष्कळदा पाहिलं. या सहलीतला घाट आठवायच्या आधी मात्र मला ती रांग आठवते. नियम पाळायला कुणी मोठ्ठा साहेब लागतो असं मला तोवर वाटत होतं.

पुढच्या वर्षी मी एकटीच पुन्हा आबांकडे गेले. गाडी टाकव्यालाच संपली नाही, थेट गावात गेली. परतीच्या दिवशी वडाखाली काठी आबांच्या हातात होती. त्यांनी सुलूला पुन्हा घेऊन यायला सांगितलं. मी निघता निघता सखूचं विचारलं.

"तळेगावात हाय. पांढरी साडी नेसती, सुया टोचती. मागल्या आठवड्यात आलती. आईची राखन व्हती त्या दिशी," आबा म्हणाले. "समद्यांच्या मागनं चढली."

मग त्यांनी काठीनं मला रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. मी त्यांच्याच घरची पाहुणी होते. पिशवी उचलली आणि तिथे नेऊन ठेवली.